मुंबई महापालिकेच्या नोकरांचे दोन धनी

मुंबईच्या नगर-कारभाराचा धनी कोण, या प्रश्नाची १८८८ च्या महापालिका कायद्यात दोन उत्तरे आहेत. कारभार महापालिकेच्या सभागृहाकडे आहे, असे एक कलम सांगते. अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे आहे, असे त्याच कलमाचे पुढचे वाक्य सांगते आणि हा आयुक्त सरकार नेमते. सफाई कामगारापासून खातेप्रमुखापर्यंत लाखाच्या आसपास नोकरांचा पगार शहराच्या तिजोरीतून जातो. त्यांना हुकूम देणारा मात्र आधी सचिवालयातून आणि नंतर मंत्रालयातून आला. ही व्यवस्था कोणाच्या नजरचुकीने झालेली नाही. ती भांडून, वाद घालून, समजून-उमजून केलेली आहे आणि ती करणाऱ्यांत स्थानिक स्वराज्याचे सर्वांत मोठे कैवारी होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईला नगरपालिका अशी नव्हती. सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस कर बसवत आणि रस्ते झाडून घेत. १८४५ मध्ये सफाईसाठी वेगळे मंडळ झाले आणि १८५८ च्या कायद्याने तीन आयुक्तांचे मंडळ आले. तिघांना समान अधिकार असल्याने कामाचे श्रेय तिघांचे आणि दोष कोणाचाच नाही, अशी स्थिती झाली. कापसाच्या भरभराटीने शहर फुगत होते, गटारे तुंबत होती आणि नोकरांना नेमके कोणाचे ऐकावे ते कळत नव्हते. तीन धन्यांच्या या अनुभवातून सरकारने धडा घेतला तो थेट दुसऱ्या टोकाचा.

१८६५ च्या दुसऱ्या कायद्याने जस्टिसांचे मंडळ ही कायदेशीर संस्था झाली आणि सगळी अंमलबजावणी एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती गेली. त्याला नेमणारे सरकार होते. जस्टिसांनी अंदाजपत्रक मंजूर करायचे, नोकर नेमायचे कमिशनरने. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हा धडाडीचा आणि तितकाच खर्चिक माणूस होता. त्याने रस्ते रुंद केले, गटारे आणि सफाई हाती घेतली आणि मुंबईकर आजही ज्याच्या नावाने ओळखतात तो बाजार १८६९ मध्ये उभा केला. शहर पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केले. पण मंजुरीपेक्षा जास्त खर्च होत गेला, हिशेबनीस मागे पडला आणि पालिका कर्जात बुडाली. कराचा बोजा वाढला तसे घरमालक आणि व्यापारी खवळले.

१८७१ मध्ये जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी कमिशनरच्या कारभाराविरुद्ध आघाडी उघडली आणि बाहेर करदात्यांच्या सभा भरू लागल्या. एका माणसाच्या हाती इतकी सत्ता नको, ती जस्टिसांच्या समितीकडे किंवा मंडळाकडे द्यावी, ही सर्वसाधारण मागणी होती. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टराने मुंबईच्या नगर-सुधारणेवर निबंध वाचला. हे फिरोजशहा मेहता. त्यांचे म्हणणे श्रोत्यांना रुचले नाही आणि सभेत गडबड झाली. कमिशनर एकच असावा, त्याच्या हाती पूर्ण अंमलबजावणी असावी आणि त्याची नेमणूक सरकारनेच करावी, असे ते सांगत होते. क्रॉफर्डवर संतापलेल्या सभेला हे सरकारची तळी उचलण्यासारखे वाटले.

मेहतांचा मुद्दा खरे तर उलट दिशेचा होता. दोष अंमलदार एकटा असण्यात नाही, त्याच्यावर देखरेख करणारे जस्टिस कोणाचेच प्रतिनिधी नसण्यात आहे, असे ते म्हणत होते. जस्टिसांना सरकार नेमत होते, म्हणजे अंमलदार सरकारचा आणि तपासनीसही सरकारचाच. म्हणून सभागृह करदात्यांनी निवडावे, तिजोरीची किल्ली त्याच्याकडे असावी, हिशेब तपासणारा त्याचा असावा आणि त्या चौकटीत कमिशनरला मोकळीक असावी. समितीने नोकर नेमू लागल्यास प्रत्येक सदस्य आपला माणूस घुसवील आणि कामाचा जाब कोणालाच विचारता येणार नाही, ही धास्ती त्यांच्या युक्तिवादाच्या मुळाशी होती. पुढच्या दीडशे वर्षांत नोकरांवरील सरकारी ताब्याच्या बाजूने जे जे बोलले गेले, त्यातले बहुतेक या एका निबंधात सापडते. फरक इतकाच की मेहतांनी ताब्याची किंमतही सांगितली होती आणि नंतर बोलणाऱ्यांनी ती सोयीस्करपणे गाळली.

१८७२ च्या कायद्याने या सूचनेतले बरेच काही स्वीकारले. चौसष्ट सदस्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडले, सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने नेमले. खर्चावर लक्ष ठेवायला बारा जणांचे टाऊन कौन्सिल आले. कमिशनर सरकारनियुक्तच राहिला. निवडून आलेल्या सदस्यांसह महापालिकेची पहिली सभा ४ सप्टेंबर १८७३ रोजी भरली. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने सबंध हिंदुस्थानसाठी तत्त्व मांडले की सरकारने स्थानिक संस्थांवर नियंत्रण ठेवावे ते बाहेरून, आत बसून नव्हे. मुंबईत सरकारचा माणूस मात्र आतच बसलेला होता आणि करदात्यांच्या नेत्यांना तो तिथेच हवा होता.

१८८७ मध्ये नवा कायदा करायला घेतला तेव्हा सरकारच्या मसुद्यात कमिशनर सभागृहापेक्षा फारच वरचढ झाला होता. कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी तो मसुदा कलमागून कलम पिंजून काढला. त्यातून जो कायदा बाहेर आला तो १८८८ चा तिसरा कायदा. त्यात शेकडो दुरुस्त्या झाल्या असल्या तरी तोच आज मुंबईवर चालतो. सदस्य बहात्तर झाले. त्यांपैकी छत्तीस प्रभागांतून, सोळा जस्टिसांकडून, दोन विद्यापीठाच्या फेलोंकडून, दोन चेंबर ऑफ कॉमर्सकडून आणि सोळा सरकारकडून येत. महापालिका, स्थायी समिती आणि कमिशनर हे तीन प्राधिकारी कायद्याने उभे केले.

नोकरांच्या बाबतीत या कायद्याची बांधणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. वादाचे सगळे धागे तिथेच आहेत. कमिशनर सरकारने नेमायचा, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, मुदतवाढीची सोय ठेवून. त्याचा पगार पालिकेच्या निधीतून जायचा. कायम जागांची अनुसूची कमिशनरने तयार करायची, पण तिला मंजुरी द्यायची स्थायी समितीने. अनुसूचीत नसलेली कायम जागा त्याला आपल्या मर्जीने काढता येत नव्हती आणि ठरावीक पगाराच्या वरच्या जागेला सभागृहाचा होकार लागे. मंजूर जागेवर कोणाला बसवायचे हे मात्र कमिशनर ठरवी. नोकराला दंड करणे, निलंबित करणे किंवा बडतर्फ करणेही त्याच्याच हाती होते. याला अपवाद वरच्या काही जागांचा. कार्यकारी अभियंता आणि आरोग्य अधिकारी यांना महापालिकेने नेमायचे आणि सरकारने त्यावर मोहर उठवायची. चिटणीस तेवढा सभागृहाचा स्वतःचा माणूस होता. सभेचे कागद आणि इतिवृत्त त्याच्याकडे, म्हणून तो कमिशनरच्या ताब्यात नको, एवढे शहाणपण कायदा करणाऱ्यांना होते.

या सगळ्यावर एक कडी होती. सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर सरकारने कमिशनरला परत बोलावलेच पाहिजे. बहात्तरांच्या सभागृहात याचा अर्थ पंचेचाळीस मते. सोळा सरकारनियुक्त सदस्य वजा जाता उरलेल्या छप्पन्नांपैकी पंचेचाळीस जमवणे सोपे नव्हते. पण अशक्यही नव्हते. सरकारी नेमणुकीचे कडू औषध मेहता-तेलंगांनी घेतले ते या अटीवर. कलमाची इंग्रजी भाषा आज्ञार्थी आहे, त्यात सरकारच्या मर्जीला जागा ठेवलेली नाही. मुंबईच्या कायद्यातली अस्सल कल्पकता निवडणुकीच्या कलमांपेक्षा या एका वाक्यात आहे. निवडणुका इतरत्रही होत होत्या, पण साहेबाला घरी पाठवण्याचा हक्क त्या काळात हिंदी माणसाला फारसा कुठे नव्हता.

याच १८८८ साली पुण्यात एक चौकशी चालू होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मध्य विभागाचा कमिशनर झालेल्या आर्थर क्रॉफर्डवर मामलतदारांच्या नेमणुका आणि बदल्यांसाठी पैसे खाल्ल्याचे आरोप होते. आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही, पण हाताखालच्या मुलखात पैसे उसने घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली. पैसे दिल्याची कबुली दिलेल्या मामलतदारांच्या बाजूने टिळक आणि केसरी उभे राहिले. वशिला आणि लाच निवडून आलेल्या सदस्यांमुळेच येते, सरकारी अंमलदार त्यापासून दूर असतो, या समजुतीला मुंबईच्या पहिल्याच कमिशनरने दिलेले हे उत्तर होते.

खालच्या नोकराला मात्र या वरच्या भांडणातले फारसे काही कळायचे कारण नव्हते. हलालखोर, बिगारी, भिस्ती, दिवाबत्तीवाले यांचा धनी म्हणजे त्यांचा मुकादम. भरती त्याच्या शब्दावर होई, हजेरी तोच मांडी आणि पगारातला वाटाही अनेकदा त्याच्याच खिशात जाई. पण या नोकरांच्या हाती शहराची नाडी होती, हे १८९६ च्या प्लेगने दाखवून दिले. कमिशनर स्नो याने ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याची आणि घरे निर्जंतुक करण्याची कडक अधिसूचना काढली. लोकांत घबराट पसरली आणि शहर सोडण्याची लाट आली. सफाईचे नोकर पळाले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे ओळखून स्नोला सक्ती ढिली करावी लागली. राज्यकर्त्यांना वाकवण्याची ताकद हलालखोराच्या झाडूत असल्याचे अधिकृत कागदांवर उतरले.

प्लेगने स्थानिक ताब्याला पहिला मोठा धक्काही दिला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्ये सरकारने ब्रिगेडियर जनरल गॅटेकरच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली. पालिकेच्या आरोग्य खात्याची माणसे आता एका लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमाखाली काम करू लागली. पुण्यात हेच काम आयसीएस रँडकडे गेले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरच्या गोळीबारात झाला. मुंबईत परिणाम कमी रक्तरंजित, पण जास्त टिकाऊ झाला. दाट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम पालिकेला न देता सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. त्याचा अध्यक्ष, त्याचे अभियंते आणि त्याचे कारकून सगळे वेगळे. महापालिकेच्या वाट्याला विश्वस्तांपैकी फक्त काही जागा आल्या. हा ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला, पण शहराच्या कामासाठी शहराबाहेरच्या धन्याची यंत्रणा उभी करण्याची सवय राहून गेली. सिडको, म्हाडा आणि एमएमआरडीए या राज्याच्या यंत्रणा त्याच वाटेवरच्या.

पोलिसांचा प्रश्न वेगळ्याच प्रकारे सुटला. शहराच्या पोलिसांवर पालिकेचा काडीचा अधिकार नव्हता, तरी त्यांच्या खर्चाचा वाटा पालिकेला द्यावा लागे. ज्याच्यावर ताबा नाही त्याचा पगार का द्यायचा, असा मेहतांचा वर्षानुवर्षे सवाल होता. १९०७ च्या कायद्याने सरकारने पोलिसांचा खर्च आपल्याकडे घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीचा भार पालिकेवर टाकला. सौद्यात पालिकेचे फायद्यापेक्षा नुकसान जास्त झाले असे म्हणायला जागा आहे. तरी पगार देणारा आणि हुकूम देणारा एकच असावा हे तत्त्व निदान एका खात्यापुरते मान्य झाले. त्याच वर्षी मेहतांना सभागृहातूनच बाहेर काढण्याचा कट झाला, ज्याला मुंबईकरांनी ‘कॉकस’ म्हटले. अकाउंटंट जनरल हॅरिसन आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यात पुढे होते. जस्टिसांच्या सोळा जागांच्या निवडणुकीत मेहता सतरावे आले. निवडून आलेल्यांपैकी एक जण पालिकेचा ठेकेदार असल्याने अपात्र ठरला, म्हणून ते आत राहिले.

कलकत्त्याने याच काळात वेगळी वाट धरली. १८९९ च्या कायद्याने तिथल्या पालिकेतील निवडून आलेल्यांचे बळ कापले गेले तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह अठ्ठावीस सदस्यांनी राजीनामे दिले. पुढे द्विदल राज्यपद्धतीत मंत्री झालेल्या याच सुरेंद्रनाथांनी १९२३ चा कायदा केला. त्यात महापालिकेने आपला महापौर निवडावा आणि मुख्य कार्यकारी अधिकारीही स्वतः नेमावा, सरकारने फक्त मान्यता द्यावी, अशी तरतूद होती. १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि त्यांनी या जागेवर सत्तावीस वर्षांच्या सुभाषचंद्र बोसांना बसवले. पगार तीन हजार रुपये होता, बोसांनी दीड हजारच घेतला. सरकारने मान्यता दिली ती नाखुशीने. ऑक्टोबरमध्ये बोसांना अटक झाली आणि काही काळ पालिकेच्या फायली अलिपूरच्या तुरुंगात जात राहिल्या. सभागृहाचा नोकर सरकारचा कैदी झाला, पण त्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार सरकारकडे नव्हता. मुंबईत हे घडूच शकले नसते. अर्थात कलकत्त्याच्या वाटेलाही काटे होते. पालिकेतील नोकऱ्या हे पक्षाचे आणि जमातींचे वाटप करण्याचे साधन बनले. दासांच्या बंगाल कराराच्या वेळी मुसलमानांच्या वाट्याला या नोकऱ्या किती, हाही विषय होता.

मुंबई इलाख्याच्या इतर शहरांतही सरकारचा माणूस घुसवण्याचे प्रयत्न झाले. अहमदाबादच्या पालिकेवर शिलिडी नावाचा आयसीएस अधिकारी कमिशनर होता. १९१७ मध्ये निवडून आलेल्या वल्लभभाई पटेलांनी सभागृहात पहिले मोठे काम केले ते त्याच्याविरुद्ध ठराव करून घेण्याचे, आणि सरकारला त्याला हलवावे लागले. मुंबईच्या पाच-अष्टमांशाचा आधार नसताना केवळ सभागृहाच्या जोरावर मिळवलेला हा विजय होता. लहान नगरपालिकांत मात्र मुख्याधिकारी नगरपालिकाच नेमत असे. त्याचे हाल काय होत ते जुन्या नगरपालिकांच्या गावांत अजून सांगितले जाते. नगराध्यक्षाच्या मेहुण्याची थकबाकी वसूल करायला गेलेला मुख्याधिकारी पुढच्या सभेपर्यंत टिकत नसे आणि गट बदलला की तोही बदले. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा कायद्याने यावर राज्याचा उपाय केला. मुख्याधिकाऱ्यांची राज्यव्यापी सेवा निर्माण झाली आणि नेमणूक व बदली मंत्रालयाकडे गेली. नगरपरिषदेचा प्रमुख नोकर आता गावाचा राहिला नाही. तो दोन-तीन वर्षांसाठी येतो आणि पुढच्या गावाच्या बदलीची वाट पाहतो. पुढे अभियंते, लेखापाल आणि कर-प्रशासनाचे अधिकारी यांच्यासाठीही राज्यस्तरीय संवर्ग झाले. नगरपरिषदेच्या कचेरीत कायमचे स्थानिक उरले ते मुख्यतः शिपाई, सफाई कामगार आणि खालचे कारकून. त्यातल्या सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी कशी द्यायची तेही लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवर निघालेल्या राज्याच्या शासन निर्णयांनी ठरते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत आयसीएसच्या जागी आयएएस आला, एवढाच फरक पडला. १९४८ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली, महापौराला मान आला. पण नेमणुकीचे कलम जिथल्या तिथे राहिले. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याने तीच घडण पुण्यासह इतर शहरांत नेली. आज राज्यात एकोणतीस महापालिका आहेत आणि प्रत्येकीचा आयुक्त राज्य सरकार नेमते. अतिरिक्त आयुक्तही बहुधा आयएएस असतात. मुंबईच्या वॉर्डांचे सहायक आयुक्त महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. इतर महापालिकांत उपायुक्तांच्या जागांचा वाटा प्रतिनियुक्तीवरच्या सरकारी अधिकाऱ्यांना जातो. त्यावरून पालिकेच्या स्वतःच्या नोकरांचा राग धुमसत असतो, कारण पंचवीस वर्षे झोपडपट्टी, नाले आणि कर-वसुली केलेल्या माणसाच्या डोक्यावर बाहेरचा साहेब येतो.

मधला एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९८ मध्ये शिवसेना-भाजप सरकारने मुंबई आणि नागपुरात ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धत आणली. कलकत्त्यात ती १९८४ पासून चालू होती. अंमलबजावणीचा अधिकार महापौर आणि त्याच्या मंडळाकडे गेला आणि आयुक्त त्यांच्या हाताखाली आला. प्रयोग वर्षभराच्या आसपास टिकला आणि १९९९ मध्ये गुंडाळला गेला. त्याला रुजायला वेळच मिळाला नाही, त्यामुळे तो फसला असे म्हणणेही धाडसाचे आहे. त्याआधी गो. रा. खैरनार यांच्या प्रकरणात जुन्या पद्धतीची दुसरी बाजू दिसली होती. पालिकेच्या नोकरीत खालून वर चढलेल्या या उपायुक्ताने बेकायदा बांधकामे पाडण्याचा धडाका लावला आणि थेट मुख्यमंत्र्यांवर आरोप केले. १९९४ मध्ये तो निलंबित झाला आणि २००० मध्ये पुन्हा रुजू झाला. पालिकेचा नोकर राज्याच्या प्रमुखाविरुद्ध बोलला, तर त्याला निलंबित करणारा आयुक्त त्याच राज्य सरकारने नेमलेला असतो, ही अडचण १८८८ च्या कायद्यात कोणी कल्पिली नसावी.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत जागा दिली आणि बाराव्या परिशिष्टात अठरा विषय त्यांच्याकडे सोपवण्याची यादी घातली. रस्ते, पाणी, आरोग्य, अग्निशमन सगळे त्यात आहे. ही कामे करणारे नोकर कोणाचे, याविषयी मात्र ती दुरुस्ती गप्प आहे. तिने निवडणुका आणि आरक्षण नेमके बांधून दिले आणि कारभाराचा गाभा राज्यांच्या मर्जीवर सोडला. महाराष्ट्राने नेमणुकीची कलमे बदलली नाहीत.

नोकरांवरचा ताबा पुढे कलमांपेक्षा पैशाच्या वाटेने सरकला. महापालिकांचा आकृतिबंध आणि सेवाप्रवेश नियम नगरविकास विभागाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाहीत. नवी जागा काढायची तर आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत आहे का, हे आधी पाहिले जाते. वेतन आयोग लागू करायलाही राज्याची परवानगी लागते. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. अनेक नगरपरिषदांचे पगार त्या दिवसापासून अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून राहिले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईचीही जकात बंद झाली आणि भरपाई राज्याकडून येऊ लागली. मेहतांच्या सौद्यात आयुक्त सरकारचा आणि तिजोरी शहराची होती. तिजोरीचा मोठा झराही सरकारकडे गेल्यावर त्या सौद्याचा शहराकडचा हिस्सा पातळ झाला. जागा मंजूर होत नाहीत म्हणून कामे ठेक्यावर जातात. ठेकेदाराकडचा कामगार मग शहराचाही नसतो आणि राज्याचाही नाही. मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना पालिकेचे नोकर म्हणवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो निकाल २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला.

१९४९ च्या कायद्यातही उतरलेल्या पाच-अष्टमांशाच्या कलमाची खरी कसोटी नवी मुंबईत लागली. तिथले आयुक्त तुकाराम मुंढे आणि नगरसेवक यांचे जमेना. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी सभागृहाने त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. एकशे अकरा जणांच्या सभागृहात पाच-अष्टमांशासाठी सत्तर मते पुरेशी होती. राज्य सरकारने ठरावाला स्थगिती दिली आणि मुंढे जागेवर राहिले. मार्च २०१७ मध्ये त्यांची पुण्याच्या पीएमपीएमएल या बस कंपनीत बदली झाली, पण ती सरकारच्या सवडीने. मुंढे यांच्या बाजूने बोलणारे त्या शहरात पुष्कळ होते आणि नगरसेवकांचे हेतू शुद्धच होते असे मानायचे कारण नाही. तरीही जो हक्क १८८८ मध्ये सरकारी नेमणुकीच्या बदल्यात मिळाला होता, तो स्थगितीच्या एका आदेशाने थांबवता येतो हे त्या दिवशी ठरले. आयुक्त चांगला होता की वाईट, याच्याशी त्या हक्काचा संबंध नव्हता.

मुंबईत सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. निवडणुका झाल्या नव्हत्या. कायद्यात दुरुस्ती करून दुसऱ्या दिवसापासून आयुक्तालाच प्रशासक केले गेले. १९८४-८५ मध्येही पालिकेवर प्रशासक होता, पण तेव्हाचा काळ वर्षभराचा होता. या वेळी अनुसूची मांडणारा, तिला मंजुरी देणारा आणि नोकर नेमणारा एकच माणूस झाला आणि तो सरकारने नेमलेला होता. पालिकेच्या नोकरांचे दिवाळीचे सानुग्रह अनुदान पूर्वी कामगार संघटना, महापौर आणि आयुक्त यांच्या बैठकीत ठरत असे. २०२२ च्या दिवाळीला २२,५०० रुपये आणि २०२३ च्या दिवाळीला २६,००० रुपये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. दोन्ही वर्षी रक्कम महापालिकेच्या तिजोरीतून दिली गेली.